आप्पांच्या हातातला गुडघा

"म्हण की गं सुके, पुढची ओळ म्हण."

हा आवाज मी ऐकला तेव्हा अजून शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं. मेंढवाड्याच्या काट्यांच्या कुडावरून उडी मारायला गेले आणि कोपरावर पडले. हात भलत्याच बाजूला लोंबत होता. तो आपला आहे हेच पटेना, म्हणून रडायचंही सुचत नव्हतं. आप्पा समोर उकिडवे बसले, माझा पंजा त्यांच्या पंजात घेतला आणि ओवी धरली:

डोंगराच्या आड गं आड, मेंढी चुकली एकली...

पुढची ओळ मला येत होती. अंगाईच्या जागी तीच ऐकत मी वाढले होते. हुंदका गिळला, छातीत वारा भरून घेतला आणि म्हणाले:

बापानं माझ्या बाई, हाक वाऱ्यावर टाकली.

'टाकली'पाशी श्वास सरतो. माणूस आतून सैल होतं, पिकल्या शेंगेसारखं. तेवढा क्षण धरून आप्पांनी हात ओढला आणि वळवला. कट्. डोळ्यांपुढं पांढरं झालं, आणि कोपर आपल्या घरी गेलं. मी हात वाकवून पाहिला. वाकत होता. मग मात्र मी भोकाड पसरलं, आणि माय म्हणाली, "आता रडती! मगाशी कुठं गेली व्हतीस?"

माझे वडील त्रिंबकआप्पा हाडवैद्य. वेरूळच्या पुढं, कन्नडच्या रस्त्याला आमची धनगराची वस्ती. आप्पा त्यांच्या बापाकडून शिकले, आणि बाप मेंढरांच्या पायांवर. खड्ड्यात पाय जाऊन निखळलेलं मेंढरू टाकून पुढं जायचं नसेल तर रानातच बसवावं लागतं, त्यातून आलेली ही विद्या. दर रविवारी अंगणातल्या लिंबाखाली बाज पडायची. खांदा निखळलेले, मनगट मोडलेले, एसटीनं, मोटारसायकलवरून, बैलगाडीतून यायचे. आप्पा कुणाकडून पैसा घेत नसत. एक नारळ, तोही बिरोबाचा. बाजेवरच्या माणसाला ते ओवी म्हणायला लावत. ज्याला ओवी येत नसेल त्यानं देवाची आरती म्हणावी, तीही येत नसेल तर गावांची नावं सांगावीत. बोलता बोलता श्वास सरला की आप्पांचा हात फिरायचा. कट् झालं की ओट्यावर बसलेली माणसंही श्वास सोडायची. "बसलं," आप्पा म्हणायचे. हा एक शब्द ऐकायला लोक कुठून कुठून येत.

मी शहरात शिकायला गेले आणि खो-खोनं मला ठेवून घेतलं. मेंढरामागं पळून पाय तयार झालेच होते. संरक्षणाला उतरले की खांबाला असा वळसा घ्यायची की मागून येणारीचा हात वाऱ्याला लागायचा. आमचे प्रशिक्षक सोमनाथ सर म्हणायचे, ही पोरगी खांबाला नव्हे, वाऱ्याला वळसा घालते. सर कधी कुणाचं कौतुक करत नसत, त्यामुळं ते वाक्य मी कितीतरी दिवस उशाला घेऊन झोपले. राज्याच्या संघाची निवड तोंडावर आली होती. मला एवढंच हवं होतं. दुसरं काही नाही.

निवडीच्या आधीचा शनिवार. गारखेड्याच्या क्रीडासंकुलात मॅटवर सराव चालला होता. माझ्या मागं संस्कृती. संघातली सगळ्यात लहान, पण झेप अशी की पाहणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. तिनं खांबावरून अंग झोकलं. मी हुल दिली. अंग वळलं, पाय मॅटनं धरून ठेवला. गुडघ्यात ओलं कापड पिळल्यासारखं काहीतरी झालं. आवाज नव्हता. मी पडले, उठले आणि चालले. संस्कृतीच उलट पांढरी पडली होती. "ताई, माझ्यामुळं झालं का?" मी म्हणाले, जा गं, वेडे.

तनुजा मॅडम संघाच्या फिजिओ. शनिवारी मैदानावर यायच्या. त्यांनी मला पाठीवर निजवलं, गुडघा उभा केला आणि पोटरीचा वरचा भाग दोन्ही हातांनी पुढं ओढून पाहिला. डोळे मिटून ओढतात त्या. मग म्हणाल्या, आतल्या अस्थिबंधाचे थोडे धागे गेलेत, पण दोर धरून आहे. सोमवारी एमआरआय करू. ही निवड गेली असं समज, पण शस्त्रक्रियेशिवाय पुढच्या मोसमाला उभी राहशील. मग त्यांनी पट्टा बांधला आणि बोट उगारलं.

"बर्फ लाव, पाय वर ठेव. आणि कुणालाही हात लावू द्यायचा नाही."

मी हसून म्हणाले, माझे वडीलच हाडवैद्य आहेत मॅडम.

"म्हणूनच सांगतेय," त्या म्हणाल्या.

माझी खोली तिसऱ्या मजल्यावर. पाय घेऊन चढणार कशी? भाऊ अंगद जाधवमंडीत भाजी टाकून रिकामा टेम्पो घेऊन परतत होता, त्यानं मला पुढं बसवलं आणि घरी आणलं. घाट उतरताना प्रत्येक वळणाला गुडघा आतून हाक मारत होता. पण घरी जातोय याचं बरंही वाटत होतं. मायच्या हातची भाकरी, लिंबाची सावली, आणखी काय पाहिजे आजाऱ्याला?

रविवार उजाडला. अंगणात माणसं बसलेली. मी तोंड धुवायला लंगडत बाहेर आले आणि खांदा घेऊन बसलेला एक म्हातारा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आप्पा, घरचंच मेंढरू लंगडतंय की तुमचं!"

सगळे हसले. आप्पाही हसले. पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या.

"ये, बस," त्यांनी बाजेवर हात आपटला.

मी जवळ जाऊन हळू आवाजात सांगितलं की मॅडमनी हात लावू नका म्हटलंय. ते म्हणाले, दाबत नाय गं, निस्तं बघतो. आता इतक्या माणसांदेखत, ज्या बाजेवर अख्खा तालुका विश्वासानं आडवा होतो तिच्यावर त्यांची स्वतःची पोर बसत नाही, हे कसं दिसलं असतं? मी बसले. पट्टा फर्रकन उसवला. आप्पांचा अंगठा गुडघ्याच्या वाटीभोवती फिरला. तेल कोमट होतं. त्या हाताची मला आयुष्यात कधी भीती वाटली नव्हती. आताही वाटली नाही, हेच मला पुढं कितीदा आठवून थक्क व्हायला झालं.

"सरकलाय," ते म्हणाले.

आप्पांच्या विद्येत दुखणं म्हणजे जागेवरून हललेलं हाड. जे हललं ते परत बसतं. गुडघ्यात दोन हाडांना बांधणारी एक दोरी असते, ती सरकत नाही, तुटते, आणि तुटली की कुणाच्या ओढण्यानं बसत नाही, हे त्या विद्येत नव्हतंच. मेंढरांनी कधी शिकवलं नव्हतं.

त्यांनी टाच धरली. दुसरा हात गुडघ्यावर. ओवी धरली. मी नाही म्हणायला श्वास घेतला होता की ओळ म्हणायला, ते मला आजही सांगता येत नाही. तोंडातून ओळच निघाली. 'टाकली'पाशी श्वास सरला.

कट्.

ओट्यावरच्या माणसांनी श्वास सोडला.

आणि मला कळलं. त्याच क्षणी, आप्पांनी हात काढायच्या आत कळलं. घरी काही आलं नव्हतं. घरातून काहीतरी उठून निघून गेलं होतं. गुडघ्याखालचा पाय तिथं होता, माझ्या मांडीला लागूनच होता, पण कुणी दुसऱ्याचा आणून ठेवावा तसा. दुखतही नव्हतं. अंगण, लिंब, माणसं सगळं लांब गेलं आणि फक्त आप्पांचा चेहरा मोठा झाला. ते माझ्याकडं बघत होते. त्यांना तो एक शब्द म्हणायचा होता, आणि त्याआधी माझ्या डोळ्यांत होकार हवा होता.

"बसला?"

"व्हय आप्पा," मी म्हणाले. "बसला."

सोमवारी तनुजा मॅडमनी पुन्हा तसंच निजवलं, तसाच गुडघा उभा केला, डोळे मिटून ओढलं. पोटरी टेबलाच्या खणासारखी पुढं सरकली. त्यांचे डोळे फाडकन उघडले. त्यांनी दुसरा पाय ओढून पाहिला, पुन्हा हा ओढला. नंतर हात काढून घेतले आणि उभ्याच राहिल्या. 

"कुणी ओढला?" शेवटी त्यांनी विचारलं.

मी वरच्या पंख्याकडं बघत राहिले.

एमआरआयच्या फोटोत डॉक्टरांनी पेनाच्या टोकानं दाखवलं, इथं एक काळी रेघ असायला हवी होती. रेघ नव्हती. धुकं होतं. दोन हाडांमधल्या गादीचाही तुकडा फाटला होता. ते म्हणाले, शनिवारी धरून होता असं फिजिओ सांगतात, मग मधल्या दिवशी काय झालं? मी म्हणाले, न्हाणीत पाय घसरला. मॅडम शेजारीच उभ्या होत्या.  बाहेर आल्यावर जिन्यापाशी थांबून म्हणाल्या, न्हाणीत घसरून असं होत नाही. तेव्हा मी सांगितलं. ओवीसकट सगळं सांगितलं. त्या ऐकत गेल्या, आणि त्यांचा चेहरा रागावरून हळूहळू दुसरीकडंच कुठं गेला.

"वडिलांना सांग," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी नको सांगू. तुझं जे व्हायचं ते झालं. त्या बाजेवर उद्या जो बसेल, त्याच्यासाठी सांग."

मी म्हणाले, सांगते.

शस्त्रक्रियेच्या दिवशी आप्पा दवाखान्यात आले. खांद्यावर घोंगडी, डोक्याला पागोटं, पायात जाड वहाणा. त्या चकचकीत फरशीवर ते असे चालत होते की जणू पाण्यावर पाय टाकतायत. मी गाडीवर आडवी, आत न्यायची वेळ झालेली. ते वाकले आणि हळूच म्हणाले, "मैदानातच पार तुटला आसंल गं. न्हाय तर माझ्या हातानं बसला नसता का?"

त्यांनी विचारलं नव्हतं. स्वतःलाच समजावत होते, आणि साक्षीला मला उभं करत होते. सांगायची वेळ तीच होती. पण त्यांचे ते हात घोंगडीची किनार चुरगळत होते. माझ्या कोपराला घरी पाठवणारे हात.

"व्हय आप्पा, मैदानातच," मी म्हणाले, आणि गाडी आत गेली.

पुढं जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. गुडघ्याचं दुखणं सोसायची तयारी केली होती मी, पण मांडीच बोलेनाशी होईल हे कुणी सांगितलं नव्हतं. तनुजा मॅडम मांडीवर हात ठेवून म्हणत, आवळ. मी आवळत होते. मनातल्या मनात जीव तोडून आवळत होते. मांडी पडून राहायची, पाण्यानं जड झालेल्या घोंगडीसारखी. ज्या मांडीनं मला खांबाभोवती फिरवलं तिला माझी हाक पोचत नव्हती. मी मांडीकडं बघून हमसून रडले. शेजारच्या खाटेवर खांदा आखडलेले रिक्षावाले युसूफभाई व्यायाम करत होते. म्हणाले, "कैकू रोतई बेटा? मेरा कंधा तो रमजानसे छुट्टी पे है. बुलाओ तो आताच नै." त्या रडण्यातही मला हसू फुटलं. आणि हसताना मांडी जराशी हलली.  मॅडमनी माझा हात घेऊन मांडीवर ठेवला. खाली माशासारखं काहीतरी सुळकन गेलं.

तिथून मी गुडघ्याला लेकरासारखं वाढवलं. आधी वाकायला शिकवलं, मग उभं राहायला. पायरी चढायला, पायरी उतरायला. उतरणं अवघड, हे त्या दिवसांत कळलं. चढताना माणूस वर बघतं, उतरताना आपल्याच पायाकडं बघावं लागतं.

इकडं घरी बाज रिकामी पडली. त्रिंबकनं पोटची पोर दवाखान्यात नेली, मग आपण कशाला जायचं, असं लोक बोलू लागले. रविवारी अंगणात कुणी येईना. आप्पांनी बाज उचलून भिंतीला उभी केली. माय फोनवर सांगायची, चारचौघांत बसत नाहीत, मेंढरं घेऊन लांब जातात, भाकरी तशीच माघारी आणतात. "हाताला काम नाय तर हाताकडंच बघत बसतेत," ती म्हणाली. मी फोन ठेवला आणि सांगायचं आणखी पुढं ढकललं. ज्या माणसाची बाज भिंतीला लागली, त्याला वरून हे सांगायचं? माझ्यानं होणार नव्हतं. आता कुणी बसणारच नव्हतं बाजेवर, मग सांगायचं तरी कशासाठी, असंही मी मनाला समजावलं.

पळायला लागले तरी खांब जमेना. सरळ पळायचे, वळायचे, थांबायचे. खांबापाशी गेले की पाय आपोआप थबकायचे, बुजलेल्या घोड्यासारखे. सोमनाथ सर म्हणत, खांब चावत नाही गं. मलाही ते माहीत होतं. माझ्या पायांना माहीत नव्हतं. एका संध्याकाळी सगळ्या गेल्यावर संस्कृती मागं राहिली. म्हणाली, "ताई, मी तुझ्या मागं नुसती पळते. हात नाय लावणार. आईची आण." ती पळाली. मी पुढं पळाले. कितीतरी फेऱ्या मारल्या, आणि कधी वळसा घेतला ते कळलंच नाही. मागं वळून बघते तर ती मॅटवर बसून रडत होती.

"मीच तोडला व्हता ना तुझा पाय," ती म्हणाली. "रोज वाटतं मला."

माझ्या तोंडावर आलं होतं. अगदी दातांपाशी आलं होतं. मी तिला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला, आणि म्हणाले की खेळात होतं असं. ती तेवढ्यावर शांत झाली. मी झाले नाही.

जिल्ह्याच्या सामन्यात मी पुन्हा उतरले. आप्पा माझा खेळ बघायला पहिल्यांदाच शहरात आले. गॅलरीत घोंगडी अंथरून बसले. माझी पाळी आली, पाठलागवाली मागून आली, आणि मी खांबाला वळसा घेतला. अंगदनं त्याचा व्हिडिओ केला. रात्र व्हायच्या आत तो वस्तीच्या, गावाच्या, पाहुण्यारावळ्यांच्या मोबाईलवर फिरला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, हा आप्पांचा हात. डॉक्टरांनी कापलं, पण बसवलं आप्पांनी.

ते वाचून मी हबकले. परत परत वाचलं. त्या घामाचं, त्या पायऱ्यांचं, त्या मांडीतल्या माशाचं एका ओळीत हे झालं होतं. अंगदला फोन करून म्हणाले, काढ ते. तो म्हणाला, आता काय काढू? सगळीकडं गेलं. आन् खोटं काय त्यात, आप्पा रोज तेल लावतच होते की तुला, घरी आली की.

भिंतीची बाज खाली आली. माय फोनवर हसत होती. "चार घास जास्त खातेत बघ. मिशीला कोकम लावल्यावानी फिरतेत." आणि मग म्हणाली की आता खेळणारी पोरं पण येतात. गुडघेवाली.

माझ्या हातातला फोन गार पडला.

पुढच्या रविवारी मी पहिल्या एसटीनं निघाले. यावेळी सांगायचंच, एकट्यांनाच बाजूला घेऊन, आप्पांचा हात हातात धरून सांगायचं, असं घाटभर मनात घोकत आले. वेरूळच्या फाट्यावर उतरून पुढं वस्तीची जीप धरली. अंगणात शिरले आणि जागच्या जागी थांबले.

बाजेवर संस्कृती होती.

तिच्या गुडघ्याला तोच पट्टा होता, मैदानावरच्या पेटीतला. शेजारी तिची आई, सुरेखाकाकू, मांडीवर नारळ घेऊन बसलेली. काकूंनी मला पाहिलं आणि जागा करून दिली. कालच्या सरावात झालं म्हणाल्या. माझा काल पेपर होता, मी मैदानावर नव्हते. मॅडमनी तपासलं, काय ते धागे गेलेत म्हणाल्या, दोर धरून आहे म्हणाल्या, कुणाला हात लावू देऊ नका म्हणाल्या. "पण मी म्हणलं, सुकेचं कुणी केलं मग? तीच तर पळती आता. मोबाईलवर बघितलं की समद्यांनी." संस्कृती माझ्याकडं बघून हसली. तिला भीती वाटत नव्हती. अजिबात नव्हती वाटत. मीही त्याच जागी अशीच बिनघोर बसले होते.

आप्पा वाटीतलं तेल निखाऱ्यावर धरून कोमट करत होते. मी जवळ गेले, म्हणाले, आप्पा, जरा आत या. ते म्हणाले, आधी पाणी पी, उन्हातून आलीस. मी म्हणाले, आत्ताच या. त्यांनी मान वर केली. माझ्या आवाजात काहीतरी होतं म्हणून त्यांना नवल वाटलं असावं. पण ओट्यावर माणसं होती, बाजेवर पोर होती.

"हिचं बघतो आन् येतो की," ते म्हणाले, आणि पट्ट्याला हात घातला. पट्टा फर्रकन उसवला.

"आप्पा, तिला डॉक्टरकडं नेऊ दे. हाड नाही ते, दोरी असते आत—"

"ह्यो शहराचा वारा," ओट्यावरचा कुणीतरी म्हणाला. "बापाच्या हातानं बरी झाली आन् बापालाच शिकवती." दोघं-तिघं हसले. आप्पा हसले नाहीत. पण रागावलेही नाहीत. अंगठा गुडघ्याच्या वाटीपाशी नेत ते संस्कृतीला म्हणाले, भिऊ नको बाय, सरकलाय निस्ता. काकू मात्र चलबिचल झाल्या. नारळ या हातातून त्या हातात गेला. मॅडम एक सांगतात, आप्पा एक, आणि पोर तर एकच. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"तूच सांग गं सुके. तू सांगशील ते खरं. तुझा पाय आप्पांनीच बसवला ना?"

सगळं अंगण माझ्याकडं वळलं. माय दारात तांब्या घेऊन उभी राहिली होती. आप्पांनीही हात तसाच ठेवून माझ्याकडं बघितलं. मिशीत हसले. माझी पोर आता सांगेल, असं ते हसणं होतं. एवढं उघडं, एवढं निर्धास्त तोंड मी त्यांचं कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. मला वाटलं, अजूनही पळून जाता येईल. काकूंना खूण करता येईल, चक्कर आल्याचं नाटक करता येईल, काहीही करता येईल. मग आप्पांचा दुसरा हात संस्कृतीच्या टाचेकडं गेला. तिनं छातीत वारा भरून घेतला.

मी बाजेपाशी गुडघे टेकले. तो गुडघाही टेकला. आप्पांची दोन्ही मनगटं धरली. तेलानं बुळबुळीत झाली होती, निसटत होती, म्हणून घट्ट धरली. 

"नाय काकू. माझा पाय मैदानात निस्ता मुरगळला होता, दोर धरून होता. संस्कृती, तुझ्यामुळं काहीच तुटलं नव्हतं गं." मग मी वर आप्पांकडं बघितलं. ते अजून हसतच होते. हसू तिथंच राहिलं होतं, मागचा माणूस निघून गेला होता.

"आप्पा, माझा गुडघा इथं तुटला. ह्या बाजंवर. तुमच्या हातात."